फैलकाच्या राखणदाराला घातलेलं गाऱ्हाणं

दिलमुनची माणसं मला आवडतात, कारण ती मेलेली आहेत आणि कुठल्याही मंडळाची सभासद नाहीत.

मी त्यांच्या वस्तूंची चित्रं काढते. कुवेतच्या किनाऱ्यासमोर फैलका नावाचं बेट आहे. हिवाळ्यात तिथे परदेशी संशोधकांची एक तुकडी उत्खनन करते, आणि जे सापडेल त्याची रेखाटनं करायला मला बोलावते. फोटो काढतातच, पण फोटोत सावली फसवते. मुद्रेवरची रेघ किती खोल आहे, खापराची कड नेमकी कुठे वळली आहे, हे हाताने काढलेल्या चित्रातच नीट कळतं. मी मूळची कुडाळची. मुंबईत चित्रकला शिकले, लग्न करून कुवेतला आले, बनेद अल-गारच्या फ्लॅटमध्ये काही वर्षं पोळ्या लाटल्या आणि मग ओळखीतून हे काम मिळालं. त्या दिवशी मला जितका आनंद झाला तितका लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला सांगितलेलं आहे.

दिलमुन हे आजच्या बहारीनचं फार जुनं नाव. चार हजार वर्षांपूर्वी त्या बेटावर एक व्यापारी राज्य होतं आणि फैलका हे त्याचं उत्तरेकडचं टोक. हे लोक लढाया मारण्याच्या भानगडीत फारसे पडलेले दिसत नाहीत. ओमानकडून तांबं घ्यायचं, सिंधूच्या मुखाकडून लाकूड, मणी आणि हस्तिदंत घ्यायचं, आणि सगळं जहाजात भरून सुमेरच्या शहरांना विकायचं. मालावर शिक्का मारायला मऊ दगडाच्या गोल मुद्रा वापरायचे. त्या मुद्रा मी काढते. त्यांवर हरणं असतात, बैल असतात, आणि कधीकधी दोन माणसं समोरासमोर बसून एकाच घड्यातून लांब नळ्यांनी काहीतरी पीत असतात. ही दोन माणसं मला सर्वांत प्रिय आहेत. त्यांचं काय चाललं असेल याचा विचार करत मी सावलीसाठी शाईचे ठिपके देत बसते.

बहारीनमध्ये या लोकांच्या थडग्यांचे मातीचे उंचवटे आहेत. एकाला लागून एक, नजर जाईल तिथपर्यंत. ते इतके आहेत की इतकी माणसं या एवढ्याशा बेटावर जगलीच नसतील, मेल्यावर बाहेरून आणून पुरली असतील, असं पूर्वीचे काही संशोधक म्हणायचे. आता ते मत मागे पडलं. माणसं तिथलीच होती, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जगली आणि तिथेच मातीत गेली. मला हे वाचून हेवा वाटला. सुमेरच्या जुन्या कथांत तर दिलमुन ही अशी भूमी सांगितली आहे जिथे रोगराई नाही आणि कोणी म्हातारं होत नाही. हे मात्र आजही खरं आहे. आखातात आमच्यापैकी कोणी म्हातारं होत नाही. केस पांढरे झाले की आम्हाला परत पाठवतात.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे. ते एका कंत्राटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत आणि उत्खननाला मजूर, गवंडी, तंबू, पाणी पुरवण्याचं काम त्यांच्याच कंपनीकडे आहे. त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा बेटावर पाय ठेवायचा आणि उरलेलं वर्ष त्यावर बोलायचं, असा त्यांचा परिपाठ. गेल्या वर्षी अहमदीला मंडळाच्या स्नेहसंमेलनात त्यांनी स्लाइड दाखवून भाषण केलं. स्लाइडवर माझी चित्रं होती, माझं नाव नव्हतं, ते असो. सिंधूच्या काठच्या देशाला सुमेरचे लोक मेलुहा म्हणत आणि मेलुहाचे व्यापारी दिलमुनला येऊन राहत, हे खरंच आहे. तशा खुणा असलेल्या मुद्रा सापडल्या आहेत. अध्यक्षांनी त्यावरून थेट उडी मारली. "आपले पूर्वज इथे नोकर म्हणून आले नव्हते! ताठ मानेने आले होते, आपले देव घेऊन आले होते!" टाळ्यांनी हॉल दणाणला. सिंधूचा आणि सदाशिव पेठेचा संबंध कसा लागला, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. नवरा शेजारी बसून टाळ्या वाजवत होता.

त्याच कंपनीत मामा होते. नात्याने माझे कोणी नव्हेत, पण सगळी साइट त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही. देवगडकडचे गवंडी. अर्धा जन्म जांभ्याच्या भिंती बांधल्या आणि मग कुवेतला येऊन सिमेंटच्या बांधल्या. फरवानियाला इतर गड्यांबरोबर एका खोलीत राहायचे. हिवाळ्यात कंपनी त्यांना बेटावर पाठवायची, कारण उघड्या पडलेल्या जुन्या भिंतींना मातीचा हात द्यायला त्यांच्याइतका धीर कोणाकडे नव्हता. साठीला टेकले होते. एकदा इथला रेसिडन्स, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला की या वयात नवीन व्हिसा निघत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते कोणाच्या अध्यात नसायचे, मध्यात नसायचे. गावी त्यांचं कोणी वाट पाहणारं नव्हतं. बायको गेलेली, मूल नाही, घर भावकीने वापरायला घेतलेलं. "माका हयच बरा वाटता, बाय," म्हणायचे. परदेशात बरं वाटणारा असा कोकणी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तर झालं असं. गेल्या हंगामाच्या शेवटी एका खड्ड्याची कड ढासळून एका आंध्रच्या मजुराचा पाय मोडला होता. या वर्षी त्याच्याच शेजारी, दिलमुनच्या काळातल्या एका देवळाच्या भिंतीला लागून नवा चौकोन आखला, आणि गडी तिथे कुदळ मारायला कुरकुरू लागले. मी तंबूबाहेर खापरं धूत होते. मामा येऊन उकिडवे बसले.

"बाय, हय कोणाची तरी वस्ती होती मां?"

"होती, मामा. देऊळ होता हय."

"मग राखणदार आसतलोच."

"चार हजार वर्सा झाली, मामा."

"म्हणान काय झाला? माणूस घर सोडून जाता. राखणदार खय जातलो?"

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. विहीर खणा, घर बांधा, माड लावा, आधी त्याला विचारायचं. त्याला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. हे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. एकाने खड्या आवाजात जागेच्या मालकापुढे आपली बाजू मांडायची, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय महाराजा" म्हणून त्याला रुकार द्यायचा. आणि नारळ ठेवायचा तो जिथे कुदळ पडणार तिथेच, बाजूला नाही. बाजूला ठेवला तर तो शेजारच्याला पोचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, संशोधक मंडळी चहा घेत असताना, मामांनी तेच केलं. फरवानियाच्या मल्याळी वाण्याकडून नारळ आणला होता. आखलेल्या चौकोनाच्या मधोमध मूठभर तांदूळ, चिमूटभर कुंकू आणि वर नारळ. मग टोपी काढून उभे राहिले. मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"हे ह्या जाग्याच्या राखणदारा, जो कोण असशीत तो! आज आमी सगळी पोरां तुझ्या भुयेक हात घालतंव!"

"व्हय महाराजा!" हे फक्त मी आणि खेडचा एक पोक्त सुतार.

"तुझा काय चोरूक इलंव नाय! पोटासाठी इलंव! वरच्यांनी सांगितल्यानी ता करतंव!"

या वेळी बंगाली ओरडले, आंध्रवाले ओरडले, एक इजिप्तचा ड्रायव्हर होता तोही हसत हसत ओरडला. व्हय महाराजा.

"काय चुकला-माकला तर पदरात घे! कोणाच्या हातापायाक इजा होऊ देव नको! खंयच्याय मुलखातलो असो, कोणाच्या पोराक रडत घराक धाडू नको!"

मला रडू आलं, हे कबूल करायला लाज कसली. इतकी वर्षं त्या देवळातल्या खापरांचे मी ठिपके काढत होते, पण तिथल्या मालकाशी कोणी बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. नारळ फुटला, खोबरं सगळ्यांना वाटलं, एक वाटी तिथेच ठेवली आणि गडी आनंदाने कामाला लागले. तुकडीच्या प्रमुख बाई चहा संपवून आल्या, वाटी पाहिली, हे काय म्हणून मला विचारलं. मी सांगितलं. खड्ड्यात बाहेरची वस्तू ठेवायची नसते, हा त्यांचा पहिला नियम. त्यांनी वाटी उचलून बाजूच्या दगडावर ठेवायला लावली आणि विषय संपवला.

विषय संपला नाही, कारण खेडच्या सुताराने मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. त्याने तो भक्तिभावाने साहेबांना, म्हणजे आमच्या अध्यक्षांना पाठवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो मंडळाच्या ग्रुपवर होता आणि वर अध्यक्षांचे शब्द होते: "चार हजार वर्षांनी कुवेतच्या मंदिरात पुन्हा आपली पूजा! ऊर अभिमानाने भरून आला." खाली झेंडे, जोडलेले हात, शंख. कोणीतरी लिहिलं, अंगावर काटा आला. कोणीतरी पुण्याच्या भावाला पाठवला, भावाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आणि दोन दिवसांनी तो हिंदीचा अंगरखा घालून परत अध्यक्षांच्याच फोनवर आला. आता त्यात मंदिर आपलं झालं होतं, जागाही आपली झाली होती आणि बेट परत घेण्याची भाषा होती.

तेव्हा अध्यक्षांचा ऊर एकदम रिकामा झाला. ग्रुपवरची त्यांची पोस्ट नाहीशी झाली, तिच्या जागी पोस्ट काढून टाकल्याची करडी ओळ राहिली. संध्याकाळी सूचना आली की साइटवरच्या "त्या प्रकाराशी" मंडळाचा काही संबंध नाही आणि सभासदांनी आपापले फोन साफ करावेत. ज्यांच्या अंगावर काटा आला होता त्यांनी अंगठे दाखवून होकार दिला. सगळा काटा अंगठ्यात उतरला.

पुढच्या वेळी मी बेटावर गेले तर मामा नव्हते. सुतार मान खाली घालून म्हणाला, मामांचा व्हिसा कॅन्सल झाला, कालच्या विमानाने गेले. फोन लावला तर बंद. इथलं सिमकार्ड असणार, ते विमानात बसल्यावर कोणाला लागतं?

मी तिथूनच, बोटीच्या धक्क्यावरून, अध्यक्षांना फोन केला.

"वहिनी, मलाच वाईट वाटतंय," ते म्हणाले. "पण सिच्युएशन डेलिकेट होती."

"कोणी तक्रार केली होती?"

"तक्रार व्हायची वाट बघायची का? मी कंपनीचा विचार करतो. एका माणसापायी सगळ्यांच्या पोटावर पाय नको."

"मामांनी राखणदाराला नारळ ठेवला. मंदिर, पूजा, अभिमान, हे सगळं तुम्ही लिहिलंत."

"कसली कॅप्शन? ग्रुपवर काही नाहीये. बघा हवं तर."

"मी कॅप्शन म्हटलंच नाही," मी म्हणाले.

"तुम्ही आर्टिस्ट लोक इमोशनल असता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

घरी नवऱ्यासमोर मी आदळआपट केली. तो वाईट माणूस नाही. फक्त घाबरट आहे, आणि घाबरटपणाला तो व्यवहार म्हणतो. "अगं, आता झालं ते झालं. आपलं इथे रेसिडन्स आहे, पोरीची बारावी आहे. त्या माणसाशी उगाच वाकडं कशाला घ्यायचं?" मुलगी फोनमधून मान न उचलता म्हणाली, "मम्मा, जस्ट लीव्ह द ग्रुप." त्या दोघांत तिचाच सल्ला बरा होता. मी ग्रुप सोडला. त्याने मामा परत येणार नव्हते, हे मला कळत होतं.

त्याच आठवड्यात बेटावरच्या जुन्या जागांची देखरेख करणारे कुवेती अधिकारी फेरीला आले. वयस्क गृहस्थ, दर हंगामात येतात, जुन्या पिढीचे असल्याने मोडकंतोडकं हिंदी बोलतात. त्यांच्या मागे अध्यक्षही आले होते, इस्त्रीच्या शर्टाला घामाचे नकाशे. व्हिडिओ त्या गृहस्थांच्याही फोनवर पोचलेला होता. दगडावर ती नारळाची वाटी अजून सुकत पडली होती. त्यांनी ती उचलून हातात फिरवली आणि मला विचारलं, हे काय म्हणत होता तो म्हातारा? मी गाऱ्हाण्याचा अर्थ सांगितला. कोणाला इजा होऊ देऊ नको, कोणाच्या मुलाला रडत घरी पाठवू नको.

त्यांनी वाटी नाकाशी नेऊन हुंगली. मग म्हणाले की त्यांचे आजोबा बोटीवर होते, लाकूड आणायला हिंदला जायचे. "नारियल तो हमारे घर में भी आता था." वाटी माझ्या हातात दिली. "खड्डे के अंदर नहीं. फिर से नहीं करना. खलास." आणि इकडेतिकडे बघत, "बुड्ढा किधर है?"

अध्यक्ष पुढे झाले. "सर, ही वेंट होम. फॅमिली प्रॉब्लेम."

ज्या माणसाला गावी कुत्रंही ओळखत नव्हतं, त्याचा फॅमिली प्रॉब्लेम! मला राहवलं नाही.

"नहीं," मी म्हटलं. "वो नहीं गया. इन्होंने भेज दिया. इसी नारियल के लिए."

ते गृहस्थ अध्यक्षांकडे वळले. आवाज चढवला नाही. "किसने बोला भेजने को? मैंने तो कुछ नहीं बोला."

अध्यक्ष हसले. त्या हसण्याचं चित्र मला काढता येईल, पण काढणार नाही. "वापस बुलाओ," ते गृहस्थ म्हणाले. "येस सर, डेफिनिटली," अध्यक्ष म्हणाले. ते बोलावणार नव्हते आणि बोलावता येणारही नव्हतं. रद्द झालेलं कोणी पुन्हा चालू करत नाही, आणि मामांच्या वयाच्या गवंड्यासाठी नवा व्हिसा कोण मागणार?

परतीच्या बोटीत अध्यक्ष माझ्याशी बोलले नाहीत. मंडळात मात्र पुष्कळ बोलले. मी आपली भांडणं अरबासमोर नेली, मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढतो, वगैरे. हे ऐकून नवऱ्याने घरी अबोला धरला. पुढे मंडळाच्या स्मरणिकेसाठी मुखपृष्ठावर दिलमुनची मुद्रा हवी आहे, आणि अध्यक्षांचा लेख आहे 'आपल्या पूर्वजांचं आखात', असा निरोप आला. मी चित्र दिलं नाही. त्यांनी इंटरनेटवरून कुठलीतरी मुद्रा उचलून छापली. ती उलटी छापली गेली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मामांचा गावचा नंबर मिळवायला मला बरेच दिवस लागले. शेवटी सुताराने कुठून तरी आणून दिला. मी दुपारी फोन लावला. शेजारच्या कोणीतरी उचलला आणि मामांना हाक मारली. मामा चुलतभावाच्या पडवीत राहत होते. घरात जागा झालेली नव्हती.

"बाय! तू कशी आसस?" आवाज खणखणीत होता. "कामार सगळी बरी मां? त्या नव्या खड्ड्यात कोणाक काय झाला नाय मां?"

"नाय मामा. सगळी बरी आसत."

"झाला तर. गाऱ्हाणा पोचला."

मग मी सगळं सांगून टाकलं. कोणाची तक्रार नव्हती. पोलीस नव्हते. अधिकाऱ्याने उलट म्हाताऱ्याला परत बोलवा म्हणून सांगितलं. व्हिडिओच्या वर लिहिलेले ते शब्द साहेबांचे होते आणि स्वतःची कातडी वाचवायला साहेबांनीच तुम्हाला घालवलं. सांगताना माझा आवाज चढला होता. पलीकडे कोंबड्या ऐकू येत होत्या.

"नाय गे बाय," मामा मला समजावल्यासारखे म्हणाले. "तुका कोणी तरी वायट सांगितल्यानी. साहेबांनी माका वाचवल्यानी. म्हणाले, मामा, तुमचा नाव वर गेला हा, आजच्या आज जावा, नायतर तुरुंगात घालतले. तिकीट त्येनीच काढल्यानी. विमानतळार स्वतः सोडूक इले. आपलो माणूस तो. आपलो माणूस असा कित्याक करीत?"

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पडवीत झोपणाऱ्या माणसाजवळ एवढंच उरलं होतं की परमुलखात आपल्या माणसाने आपल्याला सांभाळलं. ते मी कशाला काढून घेऊ?

"साहेब भेटले तर माझो नमस्कार सांग हां," मामा म्हणाले.

अध्यक्ष मला त्यानंतर बऱ्याचदा भेटले. तो नमस्कार मी त्यांना सांगितलेला नाही, आणि सांगणारही नाही.